तार कुठंच जोडलेली नव्हती

गावडे बाई शांत, सोशिक आणि मितभाषी होत्या, असं रावसाहेब शोकसभेत माईकवर म्हणाले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शांत! गावडे बाई! ज्या बाईचा आवाज व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकाला जायचा आणि मधल्या वर्गातली मराठीची कविता बंद पडायची, ती बाई शांत? आणि सोशिक म्हणे. अहो, बाईंनी आयुष्यात काही सोसलं असेल तर ते तुम्हाला सोसलं, रावसाहेब. तेही पुरतं नाहीच.

पुढं ते म्हणाले की बाईंनी त्यांच्या द्राक्षबागेच्या सुरक्षिततेसाठी ‘मोलाचं मार्गदर्शन’ केलं. समोर हार घातलेला फोटो होता. फोटोतसुद्धा बाईंच्या कपाळाला आठी. फोटोवाला ‘स्माइल’ म्हणाला असणार, दुसरं काय. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. त्या सभेत पुढं काय झालं ते सांगते, पण आधी बाई कोण होत्या ते सांगू द्या. नाहीतर तुम्हीही रावसाहेबांचंच खरं धराल.

आमचं ज्युनिअर कॉलेज इंदापूर तालुक्यात, ऊस आणि द्राक्षं यांच्या मधोमध. बाई फिजिक्स शिकवायच्या, मी केमिस्ट्री. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी शेजारी, त्यामुळं त्यांच्या रागाचा पहिला झोत कायम माझ्यावर. उंच, हाडकुळ्या, साडी वर खोचलेली आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. पर्समध्ये पावडर-कंगवा नाही. टेस्टर, होकायंत्र आणि कागदाच्या पुडीत भाजलेले शेंगदाणे. शेंगदाणे खात खात त्या ओरडायच्या. कुणी ‘मॅडम’ म्हटलेलं त्यांना अजिबात खपायचं नाही. “बाई म्हण. मॅडम कापडाच्या दुकानात असतात.” नव्या प्राचार्यांनासुद्धा त्यांनी पहिल्याच दिवशी हे ऐकवलं होतं, आणि प्राचार्यांनी ते मनात ठेवलं.

बाईंचं माहेर बारामतीजवळ पिंपळीचं. वडील मेंढरं राखायचे. आज याच्या रानात मेंढरं बसवायची, उद्या त्याच्या, आणि मागून ही पोर घोंगडी पांघरून चालतेय. लग्नानंतर वालचंदनगरला आल्या, यजमान कारखान्यात टर्नर होते. एरवी बाई पुस्तकात शोभेल असं मराठी बोलायच्या. राग आला की भाषा पिंपळीला जायची. “हितं ये. हितं उभा ऱ्हा. न्हाय, तितं न्हाय, हितं!” पोरं म्हणायची, बाई पिंपळीला पोचल्या, आता पळा.

दर हिवाळ्यात त्या वडिलांची घोंगडी कॉलेजात घेऊन यायच्या. वर्गाच्या खिडक्यांना खताची पोती लावून अंधार करायचा आणि घोंगडी अंगावर घासून झटकन ओढायची. चट्‌चट् ठिणग्या उडायच्या. मुली किंचाळायच्या. लहानपणी पहाटे उठताना बाईंनी या ठिणग्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा आई म्हणाली होती, “शिवू नगं, घोंगडी रागावली हाय.” बाई म्हणायच्या, “मला तिचा राग आवडला. का रागावली ते शोधायला मी शाळेत गेले.”

मग त्या घोंगडी खाली ठेवून विचारायच्या, “ठिणगी उडायच्या आधी मधे काय होतं?”

“हवा, बाई.”

“हवा काढून टाकली. आता मधे काय आहे?”

“काही नाही, बाई.”

की डस्टर सुटला. “काही नाही म्हणणारा उभा राहा! चुंबक सुईला शिवतो का? नाही. मग सुई वळते कशी? तिच्या कानात कुणी सांगितलं? मधे क्षेत्र असतं, क्षेत्र. दिसत नाही म्हणून नाही असं म्हणायचं असेल तर उद्यापासून येऊ नको, घरी जाऊन म्हशी धू.” त्या होकायंत्र तारेशेजारी ठेवायच्या, तार सेलला जोडायच्या आणि सुई हलली की वर्गाकडं अशा बघायच्या, जणू वर्गानं इतके दिवस मुद्दाम लपवून ठेवलं होतं.

बारावीला शेवटी शेवटी त्या पुस्तकाच्या बाहेर जायच्या. जुन्या लोकांनी सांगितलं की क्षेत्र म्हणजे कॅनॉलच्या पाण्यागत, सलग. बरोबरच आहे, म्हणायच्या, पण अणू त्यातून पाणी भरतो ते कळशीनं. भरली तर पूर्ण कळशी, नाहीतर रिकामी. अर्धी कळशी त्याच्या दारात चालत नाही. आणि मग आवाज खाली आणून, “आता ऐका. दिवा विझवला, चुंबक नेलं, हवा उपसली, सगळं सगळं काढून घेतलं. तरी क्षेत्र पुरतं गप्प बसत नाही. आत थोडी थरथर राहतेच. ती कुणाच्या बापाला काढता येत नाही.” मधल्या सुट्टीत मी त्यांना म्हटलं, बाई, परीक्षेला हे येत नाही, कशाला घसा कोरडा करता? तर म्हणाल्या, “शैला, निसर्गात कुठंच पूर्ण गप्प बसायचा नियम नाही. मग तो मलाच का लावता?”

आता मंदाचं सांगते.

मंदा लासुर्ण्याची. द्राक्षबागांत घडांची विरळणी करणाऱ्या बायकांच्या टोळीत होती. विरळणी म्हणजे स्टुलावर उभं राहून कात्रीनं घडातले जास्तीचे मणी कापायचे, दिवसभर मान वर करून. बाई सकाळी फाट्यावर एसटी धरायला यायच्या तेव्हा तिथं ही टोळी टेम्पोची वाट बघत उभी असायची. संक्रांतीच्या आसपास एक दिवस बाईंना मंदा एकटीच बसलेली दिसली, हाताला प्लास्टर, कमरेला पट्टा. टोळी गेली होती. बाई एसटीत चढायच्या सोडून तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. हे मला दोघींनीही नंतर सांगितलंय, एकीनं रडत आणि एकीनं ओरडत.

“काय झालं?”

“पडले, बाई. रावसाहेबाच्या बागेत.”

“कशी?”

“लोक म्हणत्यात अंगात आलं.”

“लोकांचं राहू दे. मला गोष्ट नको, वर्णन सांग. पाय कुठं होते, हात कुठं होता, ऊन होतं का दव होतं?”

मंदानं सांगितलं. लोखंडी स्टूल, अनवाणी पाय, हातात लोखंडी कात्री. वेलीची तार, मांडवाची, उंचावर. कात्री तारेला लागली आणि कुणीतरी आतून हिसडा मारावा तसं झालं. ती मागं पडली. आधीपासून सगळ्याच बायकांना त्या तारेला हात लागला की झिणझिण्या यायच्या, पण सकाळी नाही, ऊन चढल्यावर. त्यांनी सांगितलंही होतं. रावसाहेबांनी वायरमन बोलावला, वायरमन म्हणाला काही नाही. आणि मंदा पडल्यावर ठरलं की हिच्या अंगात येतं. तेव्हापासून तिला कुठल्याच बागेत कुणी घेईना. हात बरा झाला असता हो. पण ‘अंगात येतं’ हे कसं बरं होणार? स्टुलावर चढणाऱ्या बाईला असं एकदा नाव पडलं की तिचं काम संपलं.

बाई त्या दिवशी पहिला तास बुडवून आल्या. नोकरीत असं कधी झालं नव्हतं. पर्स टेबलावर आपटली, शेंगदाणे सांडले. “शैला, गाडी काढ.”

रावसाहेब आमच्या संस्थेचे संचालक. पांढरे कपडे, हळू आवाज, घडाला लेकरागत जपणारा माणूस. बाग खरंच देखणी. आमच्या भागात पाणी देऊन देऊन जमीन खारावलीय, मांडवाचे लोखंडी अँगल बुडाशी गंजून मोडतात. रावसाहेबांनी त्यावर स्वतःचं डोकं चालवलं होतं: अँगल काढून सिमेंटचे खांब लावले, आणि तार खांबाला घासून झिजू नये म्हणून प्रत्येक खांबावर ठिबकच्या जुन्या नळीचा तुकडा घालून त्यातून तार नेली. एकूण एक खांबावर. शेतकरी मेळाव्यात या युक्तीबद्दल त्यांचा नारळ-शाल देऊन सत्कार झाला होता. आणि बागेवरून, ओळींच्या बरोबर दिशेनं, विजेच्या मोठ्या टॉवरची हायटेन्शन लाईन गेलेली.

“बाई, तार कुठंच जोडल्याली न्हाय,” रावसाहेब म्हणाले. आमच्यापुढं द्राक्षांची ताटली होती. “मी सोता उभा व्हतो. मेन स्विच पाडला, फ्यूज काढला, वायरमननं टेस्टर लावला. काय न्हाय. करंट काय हवेतनं येतोय व्हय?”

“व्हय,” बाई म्हणाल्या. “हवेतनंच येतोय.”

रावसाहेब हसले. मला आजही ते हसू आठवलं की दात शिवशिवतात. बाईंनी बोट वर केलं. “त्या वरच्या तारेभोवती क्षेत्र आहे. त्यात तुमची तार टांगलेली. लोखंडी खांब होते तोवर तारेत जे येईल ते खांबावाटे जमिनीत जात होतं. आता तुम्ही खांब बदलला आणि वर तारेला नळीचं टोपरं घातलं. जायला वाट ठेवली नाही. मग ते मंदीतून गेलं.”

“मग वायरमनला कसं घावलं न्हाय?”

“कधी आला होता?”

“सकाळच्या पारी.”

“दवात! सगळं ओलं असताना! ओल्या खांबावरून ते गळून जातं. दुपारी बोलवा त्याला.”

“बाई,” रावसाहेब अगदी मायेनं म्हणाले, “ऊन चढलं का बायकांचं अंग दुखतंच. आमाला काय नवं न्हाय त्ये.”

बाईंनी द्राक्षाला हात लावला नाही. परत येताना गाडीवर मागं बसून त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि मला जास्त भीती त्याचीच वाटली. कॉलेजच्या फाटकाशी उतरल्यावर म्हणाल्या, “त्याला समजलंय, शैला. टोपरं म्हटल्यावर त्याचा चेहरा बघितलास का? समजलंय. पण शाल परत कशी करायची?”

त्याच आठवड्यात बाईंनी कॉलेजच्या अडगळीतून एक जुनी ट्यूबलाईट काढली. आता सगळीकडं एलईडी, जुन्या नळ्या भंगारात पडलेल्या. दिवस मावळायला आला तशा आम्ही बागेच्या कडेनं, लाईनच्या बरोबर खाली, गाडीरस्त्यावर जाऊन उभ्या राहिलो. टोळीच्या बायका काम संपवून टेम्पोची वाट बघत होत्या, मंदाला बाईंनी बोलावून घेतलं होतं, आणि रावसाहेब बागेतून निघतच होते. बाईंनी ट्यूब हातात धरून उभी केली. ना वायर, ना बटण. आणि ती पेटली. पांढरी, फिकट, थरथरती, पण पेटली. बायकांच्या तोंडातून एकदम “आगं बया” निघालं.

“क्षेत्र आतल्या कणांना ढकलतं, ते पाऱ्याच्या अणूवर आपटतात, अणू आपली कळशी भरून घेतो आणि उजेड सांडतो,” बाई ओरडून सांगत होत्या, तास घेतल्यासारख्या. “तार कुठंय? दाखवा मला तार! जोडलीय का कुठं?” आणि त्यांनी ट्यूब मंदाच्या चांगल्या हातात दिली. मंदा बांधावर उभी होती, लाईनच्या जरा जवळ. ट्यूब तिच्या हातात अजून लख्ख झाली.

मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात बायकांतलीच एक हळूच म्हणाली, “बघा, मंदीच्या हातात जास्तीच पेटली. हाय की तिच्यात कायतरी.”

कपाळ! अहो, कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं मला. डोळ्यांसमोर पुरावा जळतोय आणि तो त्याच बिचारीच्या अंगावर उलटतोय! रावसाहेबांनी नुसती मान हलवली, म्हणजे बघा, मी सांगत नव्हतो का. बाई पिंपळीला पोचल्या. “आगं भवाने, तिच्यात न्हाय, वर हाय! हितं ये. तू धर. बांधावर ये, वर. आता तू धर. तू बी.” एकेकीच्या हातात ट्यूब कोंबली. एकेकीच्या हातात पेटली. बायका आधी घाबरल्या, मग हसायला लागल्या, मग एकमेकींकडून ओढून घ्यायला लागल्या. शेवटी बाईंनी ती रावसाहेबांपुढं धरली. “तुमी धरा.”

“मला टाईम न्हाय,” रावसाहेब म्हणाले आणि गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बाईंना बोलावलं. कॉलेजची मालमत्ता बाहेर नेली, संचालकांचा जाहीर अपमान केला, माफी मागून टाका. बाई म्हणाल्या, “कशाची माफी? विजेची?” माफी त्यांनी मागितली नाही. मग त्यांचा बारावीचा वर्ग काढून घेतला आणि पर्यावरणाचे तास दिले. निवृत्ती तोंडावर आलेली. सगळा जन्म फिजिक्स शिकवलेल्या बाईला कचरा ओला की सुका ते शिकवायला लावलं! आणि आमची स्टाफरूम, मी धरून, चहा पीत बसली. मी आपली टेबलावर हात आपटून बोलले, पण टेबलाला काय फरक पडतो.

बाईंना फरक पडायचा तो वेगळाच पडला. रविवारी भर दुपारी त्या एसटीनं आल्या ते हातात घण, खांद्याला तारेचं वेटोळं आणि एक जाड सळई घेऊन. सळईला यजमानांनी टोक काढून दिलं होतं. मंदा फाट्यावरून सोबत आली, मी कॉलेजपासून. रावसाहेबांच्या बागेत टोळी कामावर होती. बाई कुणाला न विचारता आत शिरल्या आणि एका ओळीच्या टोकाला सळई ठोकायला लागल्या. “अर्थिंगला मीठ-पाणी घालायचं असतं,” मला म्हणाल्या, “पण या जमिनीत ते आपलं आपणच आहे. एवढे तरी उपकार.” सळई आत गेली. तिला तार बांधली. त्या तारेचं मोकळं टोक त्यांनी रबरी हातमोज्यात धरून वेलीच्या तारेजवळ नेलं. टोक भिडायच्या आधीच टक् करून ठिणगी उडाली. भर उन्हात सगळ्यांनी पाहिली. बायकांच्या कात्र्या थांबल्या.

“मधे काय होतं?” बाईंनी विचारलं.

कुणी ‘काही नाही’ म्हणालं नाही.

मग त्यांनी टोक पक्कं गुंडाळलं आणि स्वतः आधी तारेला हात लावला. मग मंदानं लावला. मग बाकीच्यांनी. झिणझिणी नाही, मुंगी नाही. एका सळईचं काम होतं हो! एका सळईचं!

रावसाहेबांची गाडी आली. त्यांचा हळू आवाज त्या दिवशी मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. “माझ्या बागेत न इचारता? कुणाच्या परवानगीनं?” तरातरा आले, डाव्या हातानं वेलीच्या तारेचा आधार घेतला आणि उजव्या हातानं बाईंनी गुंडाळलेलं टोक खसकन ओढून काढलं. बाई “सोडा!” म्हणून ओरडल्या, पण उशीर झाला. एका हातात वेलीची तार, दुसऱ्यात जमिनीची. रावसाहेबांना असा हिसडा बसला की ते मागच्या मागं ठिबकच्या ओल्यात जाऊन बसले. पांढरी विजार, चिखल. एक हात दुसऱ्या हातानं चोळत राहिले.

मग ते म्हणाले, “पाय घसरला.”

प्लास्टरमधला हात छातीशी धरून मंदा दोन पावलं पुढं आली आणि म्हणाली, “रावसाहेब, अंगात आलं का तुमच्या?”

बायकांनी पदराचे बोळे तोंडात कोंबले. मी तर सरळ हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मोजा घालून टोक उचललं, पुन्हा तारेला गुंडाळलं, ओढून बघितलं आणि मग रावसाहेबांसमोर उभ्या राहून अगदी स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हणाल्या, “मला बारावीचा वर्ग नको. तुमची माफी नको. एक वाक्य बोला, या सगळ्यांसमोर. ‘मंदा खरं बोलत होती, तारेत करंट होता.’ एवढंच.”

रावसाहेब उठले, विजार झटकली आणि गाडीत बसून गेले.

पुढं काही दिवसांतच बागेतल्या प्रत्येक ओळीच्या टोकाला सळई लागली. रावसाहेबांनी सगळ्यांना सांगितलं की नाशिकच्या सल्लागारानं सुचवलं. म्हणजे काम केलं, बोलले मात्र नाहीत. टोळीनं मंदाला परत सोबत घेतलं, पण नव्या बागेत गेली की कुणीतरी विचारायचंच, ती लासुर्ण्याची, अंगात येणारी, तीच का ही? मंदाला स्टुलावर चढू द्यायचे नाहीत, खाली पडलेले मणी वेचायला लावायचे. म्हणून ते वाक्य पाहिजे होतं. ज्याच्या बागेत ती पडली त्याच्याच तोंडचं पाहिजे होतं, दुसऱ्या कुणाचं चालणार नव्हतं. बाई संस्थेच्या प्रत्येक कार्यक्रमात रावसाहेबांना गाठायच्या. स्वातंत्र्यदिनाला झेंड्याखाली गाठलं. त्यांच्या पुतणीच्या लग्नात अक्षता टाकून झाल्यावर गाठलं. “वाक्य राहिलंय,” एवढंच म्हणायच्या. रावसाहेब बाई दिसल्या की दुसऱ्या दारानं जायला लागले.

मग बाई निवृत्त झाल्या, डोकं दुखायला लागलं, आणि पुढचं सगळं फार भराभर झालं.

शोकसभा कॉलेजच्या हॉलमध्ये होती. मागं सतरंजीवर टोळीच्या बायका बसल्या होत्या. रावसाहेबांचं ‘मार्गदर्शन’ बोलून झालं आणि मागून मंदा उठली. “रावसाहेब, मार्गदर्शन ऱ्हाऊ द्या. त्ये वाक्य बोला.”

प्राचार्यांनी चपळाईनं माईक ओढला. “आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून…” सगळे उठले. मौन! गावडे बाईंसाठी मौन! ज्या बाईनं सांगितलं की पोकळीसुद्धा गप्प बसत नाही, तिच्या नावानं या लोकांनी एका बाईचं तोंड बंद केलं. मी दात-ओठ खात उभी राहिले. मौन संपलं, खुर्च्या वाजल्या, लोक बसले. मंदा बसली नाही. तिच्या शेजारची बसली नाही. मग दिसलं की टोळीतली एकही बसली नव्हती. मीही उभीच राहिले. पुढच्या ओळीतले माना वळवून बघायला लागले. “बसा की,” प्राचार्य म्हणाले. कुणी हललं नाही.

रावसाहेबांनी एकदा फोटोकडं बघितलं. मग उठून माईकपाशी आले.

“मंदा खरं बोलत व्हती,” ते म्हणाले.

“आणि?” मंदा म्हणाली.

“तारंत करंट व्हता.”

मंदा खाली बसली. मग बाकीच्या बसल्या. लोकांनी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत, एवढं तरी भान राखलं. सभेनंतर माझ्याजवळ येऊन मंदा म्हणाली की आता स्टुलावर चढंन. मी तिला जवळ घेतलं. पण माझा राग गेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. एक वाक्य होतं. घडाला लेकरागत जपणाऱ्या माणसाला ते बोलायला गावडे बाई मरेपर्यंत थांबावंसं वाटलं, कारण आता ‘हे आधी का नाही बोललात’ म्हणून ओरडणारं कुणी उरलं नव्हतं.

मी बाईंना नीट बघितलं ते शेवटचं बारामतीला, एमआरआयच्या वेळी. यजमानांना बघवेना म्हणून ते बाहेर बसले, आत मी गेले. यंत्रावरच्या मुलानं मंगळसूत्र, जोडवी, चष्मा, सगळं काढायला लावलं. बाईंनी त्याला विचारलं, “चुंबक किती टेस्लाचा आहे?” तो म्हणाला, दीड. बाईंचा चेहरा असा खुलला, जणू कुणी घोंगडी झटकली. मला म्हणाल्या, “शैला, अंगातल्या पाण्याचा कण न् कण एक बारकं चुंबक आहे. या क्षेत्रात त्याला दोनच तऱ्हा, वर नाहीतर खाली, तिसरी नाही. आज माझ्या खरंच अंगात येणार बघ.” आणि मग माझं मनगट धरून, “त्यानं वाक्य म्हटलं का गं?”

“नाही, बाई.”

“बरं. बाहेर आल्यावर बघते त्याच्याकडं.”

मुलगा म्हणाला, “घाबरू नका मॅडम, आत काही नसतं. नुसती रिकामी नळी आहे.”

“रिकामी?” बाई म्हणाल्या, पण फळी सरकायला लागली होती. आम्ही काचेपलीकडं आलो. बाईंचे नुसते पाय बाहेर दिसत होते, बोटांवर जोडव्यांचे पांढरे वळ. यंत्र अजून सुरू व्हायचं होतं आणि स्पीकरमधून आवाज येत होता, “रिकामी कुणी सांगितलं तुला? उभा ऱ्हा! मधे काय हाय सांग!” पायाची बोटं रागानं हलत होती. मुलानं माझ्याकडं केविलवाणं बघितलं आणि माईकचं बटण दाबलं.

“मॅडम, प्लीज. शांत राहा.”

“बाई म्हण,” आतून आवाज आला.